सिझरच्या व्रणात रुजलेला गर्भ: निपाणी भागातलं एक प्रकरण

वय २९. दोन मुलं, दोन्ही सिझरची, धाकटं सव्वा वर्षाचं. सासर निपाणी-चिकोडी रस्त्यालगतच्या एका गावात, माहेर कागल तालुक्यात. शेवटच्या पाळीपासून आज ४७वा दिवस. सहा दिवस झाले, अंगावरून थोडं थोडं जातंय. पोटात दुखत नाही म्हटलं तरी चालेल. हातात आदल्या दिवशीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट: सॅक (गर्भाभोवतीची पाण्याची थैली) गर्भाशयाच्या खालच्या भागात, अपूर्ण गर्भपात, क्युरेटिंगचा (पिशवी खरवडून साफ करण्याचा) सल्ला. सोबतच्या सासूबाईंचं एकच म्हणणं, "आजच पिशवी साफ करून द्या डॉक्टर, सांजच्या गाडीनं परत जायला पायजे. बारकं पोरगं घरात हाय."

हे एकाच रुग्णाचं प्रकरण नाही. या प्रकारच्या गर्भधारणेत जे दिसतं आणि जे चुकतं ते एका प्रसंगात बसवून अभ्यासासाठी मांडलं आहे. आकडे मात्र अशा रुग्णांत खरोखर दिसतात तसेच आहेत.

रिपोर्टपर्यंतची वाट

४०व्या दिवशी घरीच लघवीची तपासणी केली, पट्टीवर दोन रेघा आल्या. धाकटं मूल अजून अंगावर पीत असल्यानं इतक्यात दिवस नको होते. नवऱ्यानं मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्यांचं किट आणलं. किटमध्ये मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टॉल २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या असतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे किट देता येत नाही, तरीही ते मिळतं. गोळ्या घेण्याआधी सोनोग्राफी झाली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून अंगावरून जायला लागलं.

पुढचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो. गोळ्यांनी रक्तस्राव होणारच, म्हणून रक्तस्रावाला कारण आयतं मिळालं आणि दुसरं कारण कुणी शोधलंच नाही. गर्भ नळीत असो, पिशवीच्या कोपऱ्यात असो की जुन्या व्रणात असो, किट घेतल्यावर थोडं रक्त जातंच, कारण गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटतं. गर्भ मात्र असतो तिथेच राहतो. रक्त गेलं म्हणजे गर्भ पडला, हा निष्कर्ष काढता येत नाही.

सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: पाळी ४६ दिवस, गोळ्या घेतल्या, रक्तस्राव. सिझरचा उल्लेख नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, त्याचे कागद कागलला कपाटात. दुसरं इकडे झालेलं, त्याची नोंद तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं सरकारी नोंदींचं कार्ड), आणि ते कार्ड घरी. दोन राज्यांत वाटली गेलेली कागदपत्रं ही सीमाभागातल्या बायकांची रोजची गोष्ट आहे. माहेर महाराष्ट्रात आणि सासर कर्नाटकात असलेली घरं इथे असंख्य आहेत. म्हणून कागद मागत बसण्यापेक्षा तोंडी विचारावं, आणि पोटावरचा व्रण स्वतः पाहावा. सोनोग्राफी पोटावरून केली तरी तो व्रण जेलखालीच असतो.

पोटावरून केलेल्या त्या तपासणीत सॅक खाली दिसली. गोळ्यांचा इतिहास आणि रक्तस्राव कानावर असल्यामुळे ती 'पडायला आलेली' वाटली. सहा-सात आठवड्यांच्या गर्भाचे ठोके पोटावरून नेहमी दिसतातच असं नाही, त्यातून बाई जाड असेल किंवा मूत्राशय नीट भरलेलं नसेल तर नाहीच. इथे ते दिसले नाहीत, आणि 'दिसले नाहीत' हे 'नाहीत' असं वाचलं गेलं.

योनीमार्गातून सोनोग्राफी: नेमकं काय पाहायचं

क्युरेटिंगची ट्रे मांडण्याआधी योनीमार्गातून सोनोग्राफी झाली, म्हणून पुढचा अनर्थ टळला. एरवी या तपासणीआधी लघवी करून यायला सांगतात. व्रणातल्या गर्भाचा संशय असेल तर मूत्राशयात थोडी लघवी राहू द्यावी. मूत्राशयाची मागची भिंत उठून दिसली तरच तिच्या आणि सॅकच्या मधला स्नायू मोजता येतो.

पहिलं चित्र असं हवं की गर्भाशयाचा माथा, पोकळी, ग्रीवेचा (गर्भाशयाच्या मुखाचा) मार्ग आणि ग्रीवेचं बाहेरचं तोंड एकाच उभ्या छेदात दिसेल. नुसत्या सॅकचा झूम केलेला फोटो इथे निरुपयोगी आहे, कारण प्रश्न जागेचा आहे. माथ्यापासून ग्रीवेच्या बाहेरच्या तोंडापर्यंत रेघ धरायची आणि तिचा मध्य काढायचा. ५ ते १० आठवड्यांत सॅकचं केंद्र या मध्याच्या वर असेल तर गर्भ बहुधा जागेवर आहे. खाली, ग्रीवेच्या बाजूला असेल तर संशय पक्का धरावा.

इथे दिसलं ते असं. पोकळी माथ्यापर्यंत रिकामी, अस्तर जाडसर आणि सलग. ग्रीवेचा मार्गही रिकामा आणि आतलं तोंड बंद. सॅक पुढच्या भिंतीत, ग्रीवेच्या आतल्या तोंडाच्या पातळीवर, सिझरचा छेद जिथे घेतात तिथेच. तिचा सरासरी व्यास १८ मिलिमीटर, आकार गोल नव्हे तर त्रिकोणी, टोक मूत्राशयाकडे. भिंतीला पडलेल्या चिरेत बी रुजावं तशी ती व्रणाच्या खाचेत बसलेली होती. आत योक सॅक (गर्भाचं सुरुवातीचं पोषण करणारी बारीक थैली) आणि ७ मिलिमीटरचा गर्भ, ठोके मिनिटाला १२८. सॅक आणि मूत्राशय यांच्यामधला स्नायू सर्वांत पातळ ठिकाणी १.८ मिलिमीटर, आणि तिथे बाह्यरेषा मूत्राशयाकडे किंचित फुगलेली.

आठ आठवड्यांपर्यंत सॅक अशी त्रिकोणी असते, कारण ती खाचेचा आकार घेते. पुढे वाढली की गोल होऊन पोकळीकडे सरकते, आणि तेव्हा ती जागेवरचीच वाटायला लागते. म्हणजे हे निदान जितकं लवकर, तितकं सोपं. दहाव्या-अकराव्या आठवड्यात तेच चित्र कसलेल्या माणसालाही फसवतं.

त्यानंतरच्या दोन चाचण्यांना मिळून दोन मिनिटं पुरतात, पण त्या वगळू नयेत. प्रोबनं, म्हणजे सोनोग्राफीच्या आत घातलेल्या दांड्यानं, ग्रीवेवर हलका दाब दिला तर गर्भपात होऊन खाली उतरत असलेली सॅक ग्रीवेच्या मार्गात मागेपुढे सरकते. रुजलेली सॅक सरकत नाही. इथली सरकली नाही. मग रक्तप्रवाह रंगांत दाखवणारा कलर डॉप्लर लावला. पडून येत असलेल्या सॅकला भोवतालून रक्तपुरवठा राहिलेला नसतो. इथे सॅकच्या पुढच्या कडेला, व्रणाच्या बाजूनं, रक्तप्रवाहाचं दाट कडं दिसलं.

आणि ठोके. खाली उतरत असलेल्या गर्भात व्यवस्थित ठोके मिळणं फार विरळ. पुढच्या भिंतीतल्या खालच्या सॅकमध्ये ठोके दिसले की 'अपूर्ण गर्भपात' हे शब्द रिपोर्टमध्ये येताच कामा नयेत.

मग हे ग्रीवेतलं गर्भारपण का नाही?

हा प्रश्न रास्त आहे, कारण दोन्हींत सॅक खाली असते. ग्रीवेत रुजलेल्या गर्भाची सॅक आतल्या तोंडाच्या खाली असते, ग्रीवा पिंपासारखी फुगते, वर पोकळी रिकामी आणि मधे कमरेसारखी चिंचोळी जागा दिसते. मूत्राशयाकडची पुढची भिंत मात्र शाबूत आणि जाड असते. इथे भिंतच पातळ होती आणि ग्रीवा मोकळी. दोन्हींत आंधळं क्युरेटिंग धोक्याचंच, पण ऑपरेशनची आखणी वेगळी होते.

जागा सोडून रुजलेल्या गर्भांपैकी ९० टक्क्यांहून जास्त नळीत असतात. उरलेल्यांत प्रत्येक जागेची स्वतःची फसवणूक आहे. नळी गर्भाशयाच्या स्नायूतून जाते त्या भागात गर्भ असेल तर पोटावरून तो 'पिशवीत, जरा कडेला' असा दिसतो. तिथे सॅकभोवतीचा स्नायू ५ मिलिमीटरपेक्षा कमी आहे का, सॅक पोकळीच्या कडेपासून १ सेंटिमीटरहून लांब आहे का आणि अस्तरापासून सॅककडे जाणारी बारीक पांढरी रेघ दिसते का, हे पाहायचं. ही जागा स्नायूमुळे ताण सहन करते म्हणून उशिरा फुटते, आणि फुटली की रक्त अफाट जातं. अंडाशयातला गर्भ रक्तस्राव झालेल्या कॉर्पस ल्युटियमच्या (बीज सुटल्यावर अंडाशयात उरणाऱ्या) गाठीसारखा दिसतो. बहुतेक वेळा खात्री ऑपरेशनमध्ये आणि नंतर पॅथॉलॉजीतच होते. गर्भाशयाबाहेर पोटाच्या पोकळीत रुजलेल्या गर्भात सॅकभोवती गर्भाशयाचा स्नायू कुठेच मिळत नाही. महिने भरत आलेल्या बाईत ही गोष्ट तपासायचं बहुतेकांच्या मनातही येत नाही. आयव्हीएफनंतर आत एक सॅक दिसली म्हणून शोध थांबवू नये, दुसरी बाहेर असू शकते.

सिझरच्या व्रणातल्या गर्भाचं पहिलं वर्णन १९७८ साली दक्षिण आफ्रिकेतून आलं. साधारण २,००० गर्भारपणांत एक असं प्रमाण धरतात. पण सिझर वाढतील तसं हे वाढणारच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली होती, २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के, कर्नाटकात ३१.५ टक्के. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्यालाही हा गर्भ कधी ना कधी भेटणार आहे.

रक्ताच्या तपासण्या

बीटा एचसीजी (गर्भारपणात रक्तात वाढणारं संप्रेरक) ३१,४००. एकच आकडा जागा सांगत नाही. तो उपचार ठरवायला आणि पुढे उतार पाहायला लागतो. हिमोग्लोबिन ८.९. रक्तगट बी निगेटिव्ह, आणि या एका ओळीनं पुढचा प्रवास ठरवला. क्रिएटिनिन आणि लिव्हरच्या तपासण्या ठीक.

क्युरेटिंग केलं असतं तर

व्रणाच्या जागी आकुंचन पावणारा स्नायू जवळजवळ नसतो, असतो तो बराचसा तंतुमय भाग. वार सुटली की इतरत्र गर्भाशय आवळून रक्तवाहिन्या बंद करतो. इथे त्या उघड्याच राहतात. म्हणून ऑक्सिटोसिन, मेथर्जिन, मिसोप्रोस्टॉल या गर्भाशय आवळणाऱ्या औषधांचा नेहमीचा भरवसा इथे धरता येत नाही. शिवाय क्युरेटच्या टोकापुढे १.८ मिलिमीटरचा पडदा आणि त्यापलीकडे मूत्राशय.

एखाद्या ठिकाणी हे होऊन गेलंच, क्युरेट फिरवल्याबरोबर धार लागली, तर खरवडणं ताबडतोब थांबवावं. 'राहिलेलं काढलं की थांबेल' हा नेहमीचा अनुभव इथे घात करतो. ग्रीवेतून १८ ते २२ नंबरचा फोली कॅथेटर (टोकाशी फुगा असलेली नळी) आत सरकवून फुगा व्रणाच्या पातळीवर आणावा आणि २० ते ३० मिलिलिटर सलाइन भरून दाब द्यावा. पोटावर सोनोग्राफी ठेवून फुगा कुठे आहे ते बघावं. तो वर माथ्याकडे गेला तर दाब पडतच नाही. दोन मोठ्या सुया, १६ किंवा १८ गेजच्या. रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत. लघवीचा कॅथेटर वेगळा घालावा आणि लघवी लाल येते का ते पाहावं. फुगा तसाच ठेवून रुग्णाला हलवावं, वाटेत सोडू नये.

कुठे पाठवायचं

निपाणीहून कोल्हापूर जवळपास ४० किलोमीटर, बेळगाव ७५. दोन्हीकडे जायला तोच महामार्ग. रक्तस्राव चालू असता तर जवळचं ते बरं, दुसरा विचारच नाही. ही बाई स्थिर होती: नाडी ८८, रक्तदाब ११०/७०. अशा वेळी अंतरापेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या: बी निगेटिव्ह रक्ताच्या किमान दोन पिशव्या आत्ता हाताशी आहेत का, मूत्राशय सोडवून व्रण दुरुस्त करणारा सर्जन आज आहे का, आणि रुग्णाचं आरोग्य योजनेचं कार्ड तिथे चालतं का. तिसरा प्रश्न विचारायला संकोच करू नये. हद्द ओलांडल्यावर काउंटरवर कार्ड नाकारलं गेलं की माणसं सही करून घरी परततात, आणि या निदानात घरी परतणं परवडणारं नाही. फोन करून तिन्ही विचारलं. बेळगावला तिन्ही जुळलं.

सोबतची चिठ्ठी 'रेफर्ड फॉर फर्दर मॅनेजमेंट' एवढीच गेली असती तर तिथल्या ड्युटी डॉक्टरनं पुन्हा पहिलाच रिपोर्ट वाचला असता. म्हणून वर ठळक अक्षरांत लिहिलं: सिझरच्या व्रणातला गर्भ, क्युरेटिंग करू नये. खाली मापं, एचसीजी, रक्तगट, गोळ्यांची तारीख, दोन सिझरची वर्षं, आणि उभ्या छेदाची छापील चित्रं जोडली. आधीचा चुकलेला रिपोर्टही जोडला, पण त्यावर काट मारून नव्या निदानाचा हवाला दिला. दोन्ही हातांना सुया लावून, उपाशी ठेवून पाठवलं.

सासूबाईंना समजावायला वेळ द्यावा लागला. "ताई, गर्भ पिशवीच्या आत नाही, जुन्या टाक्यात बसलाय. इथं खरवडलं तर रक्त थांबवायला आपल्याकडं काही नाही." एवढं सांगून सोनोग्राफीचं चित्र दाखवलं. मूत्राशय, मधली केसाएवढी रेघ आणि गर्भ ओळीनं दाखवल्यावर संध्याकाळच्या गाडीचा विषय त्यांनी परत काढला नाही.

उपचाराची निवड

गर्भ तसाच वाढू देऊन वाट पाहणं सुचवलं जात नाही. कुणी तो निर्णय घेतलाच तर वार मूत्राशयापर्यंत रुजणं, गर्भाशय फुटणं, पिशवी काढावी लागणं हे स्पष्ट सांगून, तयारी असलेल्या मोठ्या केंद्रात ३४ ते ३५ आठवड्यांदरम्यान ठरवून सिझर, अशी वाट असते. या बाईला गर्भ ठेवायचा नव्हताच.

नुसतं मेथोट्रेक्झेटचं (गर्भाच्या पेशींची वाढ थांबवणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन दंडात किंवा कमरेत देऊन हे प्रकरण मिटत नाही. ठोके चालू, एचसीजी ३० हजारांवर, आणि भोवती तंतुमय भाग असल्यामुळे औषध पोहोचतं कमी. सॅकमध्येच सुईनं मेथोट्रेक्झेट सोडणं हा वेगळा आणि जास्त खात्रीचा मार्ग आहे, पण त्यानंतर सॅक विरायला आठवडे, कधी महिने लागतात आणि तोवर अचानक रक्त जाऊ शकतं. निपाणीपलीकडच्या गावातून रात्री बेळगाव गाठणं गृहीत धरून हा उपाय निवडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मेथोट्रेक्झेट दिलंच तर फॉलिक ॲसिड बंद करायला विसरू नये. आशाताईंनी दिलेल्या लोह-फॉलिकच्या गोळ्या बाई इमानानं घेतच असते, आणि त्या औषधाचा जोर मारतात.

सॅक पोकळीच्या बाजूला झुकलेली आणि पुढचा स्नायू ३ मिलिमीटरहून जाड असता तर सोनोग्राफीखाली सक्शननं ती काढता आली असती, फोली तयार ठेवून. इथे सॅक मूत्राशयाकडे फुगलेली, म्हणून दुर्बिणीतून व्रण कापून काढून पुन्हा शिवणं ठरलं. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन त्याच वेळी करायचं का, हे तिला एकटीला विचारलं. तिनं नंतर ठरवते म्हणून सांगितलं आणि तो विषय तिथेच थांबवला.

दोन सिझरनंतर मूत्राशय वर ओढून चिकटलेलं असतं. त्याची कड कळावी म्हणून कॅथेटरमधून २०० मिलिलिटर सलाइन भरलं. फुगवट्याभोवती रक्तवाहिन्या आवळणारं व्हॅसोप्रेसिन टोचलं: २० युनिट १०० मिलिलिटर सलाइनमध्ये, प्रत्येक वेळी आधी सुई मागे ओढून रक्त येत नाही ना पाहून, आणि भूलतज्ज्ञांना आधी सांगून, कारण शिरेत गेलं तर रक्तदाब भलताच चढतो आणि नाडी मंदावते. सॅक काढल्यावर काम संपत नाही. व्रणाच्या कडा निरोगी, रक्त येणाऱ्या स्नायूपर्यंत छाटायच्या. तंतुमय कडा तशाच शिवल्या तर खाच पुन्हा तयार होते. ग्रीवेत डायलेटर ठेवून शिवण दोन थरांत घेतली, म्हणजे मार्ग टाक्यात अडकत नाही. रक्तस्राव सुमारे २०० मिलिलिटर. रक्त चढवावं लागलं नाही, पण पिशव्या थिएटरमध्ये होत्या.

रक्तगट निगेटिव्ह म्हणून अँटी-डी दिलं, म्हणजे पुढच्या गर्भाला घातक प्रतिपिंडं आईच्या रक्तात तयार होत नाहीत. १२ आठवड्यांच्या आत ५० मायक्रोग्रॅम पुरतो, हाताशी ३०० ची कुपी होती ती दिली. रक्तस्राव सुरू होऊन ७२ तास उलटले होते, तरी ते टाळलं नाही; उशिरा दिलेलंही काही उपयोगी पडतं. हिमोग्लोबिनसाठी शिरेतून लोह. पॅथॉलॉजीत व्रणाच्या स्नायूत कोरिऑनिक व्हिलाय (वारेचे सूक्ष्म तंतू) मिळाले, निदानाची खात्री झाली.

पाठपुरावा

एचसीजी ४८ तासांनी ९,१००, आठवड्यानं ७८०, चौथ्या आठवड्यात ५ च्या खाली. हे रक्त गावाजवळच्या लॅबमध्येच घेतलं, पण दर वेळी त्याच लॅबमध्ये. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एका ओळीत लावून उतार पाहता येत नाही. तोवर गर्भनिरोध कंडोमवर. आकडा शून्यावर आल्यावर 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी सुरू केली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन मुद्दाम टाळलं: त्यानं डाग पडतात आणि पाठपुराव्याच्या काळात प्रत्येक डागावर शंका येते. ताज्या शिवणीवर तांबी बसवायचीही घाई केली नाही.

तीन महिन्यांनी योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत व्रणाच्या जागी स्नायू ४.६ मिलिमीटर, खाच नाही. पुढचं मूल हवं असेल तर किमान वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगितलं. तायी कार्डाच्या आतल्या पानावर मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून दिलं: पाळी चुकली की कुठलीही गोळी घेण्याआधी, सहाव्या ते सातव्या आठवड्यात योनीमार्गातून सोनोग्राफी, गर्भ व्रणात आहे का ते पाहावं, रक्तगट बी निगेटिव्ह. त्याच मजकुराची दुसरी प्रत माहेरी कागलच्या कपाटात ठेवायला दिली.